कानातून व्हेगस नर्व्हला उत्तेजन: निद्रानाशासाठी घरी सुरुवात कशी करावी

कान कोरताना काही जणांना अचानक खोकल्याची ढास लागते. घशात काहीच नसतं, तरी खोकला येतो. कानाच्या नळीच्या कातडीला व्हेगस नर्व्हची एक बारीक शाखा येते आणि तीच नर्व्ह खाली घसा, हृदय, फुप्फुसं, आतडी इथपर्यंत गेलेली असते, म्हणून हे होतं. मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्हच्या १२ जोड्यांपैकी ही दहावी. तिची कातडीजवळ येणारी शाखा फक्त कानातच सापडते. शस्त्रक्रिया न करता, बाहेरून हलकी वीज देऊन या नर्व्हपर्यंत पोचायचं तर कान सोयीचा पडतो तो यामुळेच.

कानातून दिलेला संकेत मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलात जातो आणि तिथून जागेपणा, ताण, हृदयाचा वेग यांचं नियंत्रण करणाऱ्या केंद्रांपर्यंत पोचतो. निद्रानाशाच्या अनेक रुग्णांत अडचण झोप कमी असण्यापेक्षा जागेपण जास्त असण्याची असते. अंग दमलेलं असतं, पण मेंदू पहाऱ्यावरून हटायला तयार नसतो. हा पहारा हळूहळू सैल करायचा, असा या उपचाराचा हिशोब आहे. त्यामुळे पहिल्याच रात्री गोळी घेतल्यासारखी गुंगी येईल ही अपेक्षा ठेवू नका. फरक पडायचा असेल तर तो काही आठवड्यांत दिसतो.

पुरावा कितपत आहे

चीनमधल्या हांगझोऊ शहरात झालेली एक चाचणी डिसेंबर २०२४ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात आली. जुना निद्रानाश असलेल्या ७२ जणांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांनी कानाला यंत्र लावलं. दिवसातून २ वेळा, प्रत्येकी ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, असे ८ आठवडे. एका गटाला खरं उत्तेजन मिळालं, दुसऱ्याला नावापुरतं. झोपेची गुणवत्ता मोजणाऱ्या पिट्सबर्ग निर्देशांकावर (० ते २१, जितका जास्त तितकी झोप वाईट) पहिल्या गटाचे गुण सरासरी साधारण ८ ने उतरले, दुसऱ्याचे साधारण ४ ने.

या आकड्यांतला दुसरा आकडा नीट बघा. नावापुरत्या उत्तेजनानेही ४ गुण उतरले, म्हणजे नुसतं ठरलेल्या वेळी अर्धा तास शांत बसणं आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय ही भावना यांचा वाटा छोटा नाही. उरलेला फरक विजेचा, आणि तोही दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. पण एका केंद्रातल्या ७२ लोकांवर ‘रामबाण’ वगैरे शब्द वापरायची घाई जाहिरातवाल्यांनी करावी, आपण करू नये. निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून जगभरची मार्गदर्शक तत्त्वं आजही वर्तन-उपचारच सांगतात, म्हणजे उठण्याची वेळ ठरवणं, अंथरुणात जागं न लोळणं, अंथरुणातला वेळ आवरणं. कानाचं यंत्र त्याच्या जोडीला वापरायचं, त्याच्याऐवजी नाही.

यंत्र विकत घेण्याआधी

आठवड्यातून किमान ३ रात्री आणि सलग ३ महिने झोपेची तक्रार असेल तर तो जुना निद्रानाश. परीक्षा, लग्नघर, नवी नोकरी यामुळे पंधरा दिवस उडालेली झोप यात मोडत नाही. तिच्यासाठी यंत्राची गरजही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे झोप न लागण्याचं मूळ वेगळंच नाही ना, हे बघणं. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड आणि दिवसभर पेंग, असं असेल तर आधी स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी. रात्री पाय स्वस्थ राहत नसतील, सतत हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघतात. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तरी झोप उडते. दम्याची काही औषधं, स्टिरॉइड, संध्याकाळी सहानंतरचा चहा हे नेहमीचे चोर आहेतच. यातलं काही असेल तर कानाला कितीही वीज द्या, काही होणार नाही.

पुढच्या लोकांनी हा उपचार स्वतःच्या मनाने सुरू करू नये: पेसमेकर किंवा हृदयात बसवलेला डिफिब्रिलेटर असणारे, कॉक्लिअर इम्प्लांट असणारे, नाडी मुळात मंद असणारे किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या ठोक्याचा विद्युतसंकेत अडणं) सांगितलेला असणारे, रक्त बघून किंवा उभं राहून चक्कर येऊन पडण्याची सवय असणारे, गर्भवती, आणि फिट्स येणारे. फिट्ससाठी ही पद्धत युरोपात वापरली गेली आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नाडी मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधं चालू असतील तर आधी विचारून घ्या. कानात पू, बुरशी, इसब किंवा नुकतंच टोचलेलं भोक असेल तर ते पूर्ण बरं होईपर्यंत थांबा.

यंत्र कसं असावं

दोन पर्याय असतात. एक, कानासाठीच बनवलेलं यंत्र. ते महाग असतं, पण विजेचे टप्पे बारीक असतात आणि इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीला टेकणारं विजेचं टोक, कानाच्या आकाराचा असतो. दुसरा, वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळणारं टेन्स मशीन (दुखणं कमी करण्यासाठी कातडीवरून हलकी वीज देणारं यंत्र) आणि वेगळी घेतलेली कानाची क्लिप. दुसरा स्वस्त पडतो, पण टेन्स मशीन पाठ-गुडघ्यासाठी बनवलेलं असतं. त्याची कमाल क्षमता बहुधा ८० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास असते आणि कानाला लागतं साधारण ०.५ ते ३ मिलिअ‍ॅम्पिअर. गोल बटणाच्या मशीनमध्ये ही सगळी मर्यादा पहिल्या जराशा वळणातच संपते. म्हणून टेन्स घ्यायचंच तर डिजिटल घ्या, एका दाबाला किती वाढतं ते विचारा, आणि दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी लागतात. फ्रिक्वेन्सी २५ हर्ट्झ (२० चालेल), पल्सची रुंदी २०० ते २५० मायक्रोसेकंद, आणि साधा सलग मोड. बर्स्ट किंवा मॉड्युलेशन मोड नको. काही यंत्रं ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद अशी आपोआप चालतात. तशी सोय असेल तर वापरा, नसली तरी अडत नाही. लहर दोन्ही दिशांनी जाणारी आणि विद्युतभार समतोल ठेवणारी हवी. एकाच दिशेने वाहणारी वीज कातडीखाली रासायनिक बदल घडवते आणि बारीक भाजल्यासारखे डाग पडतात. माहितीपत्रकात या गोष्टी छापलेल्या नसतील आणि त्याऐवजी ‘क्वांटम’ किंवा ‘बायो-एनर्जी’ असे शब्द असतील तर पैसे वाचवा.

यंत्र बॅटरीवर चालणारंच हवं, आणि चार्जिंगला लावलेलं असताना कानाला लावायचं नाही. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात असतं ते भिंतीच्या प्लगवर चालणारं आयएफटी मशीन या कामाचं नव्हे.

एक घोटाळा इथेच मिटवू. दोन्ही कानांच्या पाळ्यांना एकेक क्लिप लावायची यंत्रंही बाजारात आहेत. त्यांत वीज डोक्यातून आरपार जाते, मात्रा मायक्रोअ‍ॅम्पिअरमध्ये असते आणि तत्त्वच वेगळं आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय यंत्रांच्या नियामक संस्थेने २०१९ मध्ये निद्रानाश आणि चिंतेसाठीच्या अशा यंत्रांचा नियामक वर्ग बदलला, ती ही यंत्रं. आपल्या पद्धतीत दोन्ही टोकं एकाच कानावर बसतात. टेन्सचं एक टोक डाव्या आणि एक उजव्या कानाला लावणं हा प्रयोग कधीही करू नका. मानेच्या पुढच्या बाजूला टेन्स लावणंही धोक्याचं, कारण तिथे रक्तदाब आणि नाडी सांभाळणारा कॅरॉटिड सायनस असतो.

नेमकी जागा

नव्वद टक्के चुका इथे होतात म्हटलं तरी चालेल. आरशासमोर उभे राहा. कानाच्या भोकात बोटाचं टोक ठेवा आणि तिथून सरळ वर सरका. बोटाला एक आडवा कंगोरा लागेल. कानाची बाहेरची कड पुढून वळून आत येते आणि भोकाच्या वर संपते, तोच हा कंगोरा. त्याच्या वरच्या बाजूला होडीच्या आकाराचा एक अरुंद खळगा आहे. तो आपला खळगा. शवविच्छेदनाच्या अभ्यासात या खळग्याला जवळजवळ फक्त व्हेगसचाच पुरवठा आढळला आहे. कंगोऱ्याच्या खालचा, भोकाला लागून असलेला मोठा खळगा आणि भोकापुढची लहान झडप इथे व्हेगसबरोबर दुसऱ्या नर्व्हही येतात. झडपेवर क्लिप लावणं सोपं असतं म्हणून पुष्कळ यंत्रं तीच जागा वापरतात. चालतं, पण पर्याय असेल तर वरचा खळगा घ्या. कानाची पाळी, म्हणजे कुडी घालतो ती जागा, व्हेगसच्या वाट्याला येत नाही. संशोधक खोट्या उत्तेजनासाठी अनेकदा पाळीच निवडतात, ती यासाठीच.

कान डावा घ्या. उजवी व्हेगस हृदयाचा ठोका ठरवणाऱ्या गाठीशी जास्त जोडलेली असते आणि शस्त्रक्रियेने बसवायची यंत्रंही डावीकडेच बसवतात. कानाच्या बाबतीत हा धोका तितका ठळक नाही, पण नवख्याने उजवीकडे जायचं कारणही नाही.

कान तयार करणं

आपल्याकडे रात्री डोक्याला तेल लावून झोपायची सवय घरोघरी आहे आणि या उपचाराचं ते एक नंबरचं विघ्न आहे. तेलाचा पातळ थर वीज अडवतो. बटण वाढवत गेलं तरी काही जाणवत नाही, मग थराला कुठेतरी फट पडते आणि त्याच एका बिंदूतून सगळी वीज घुसून सुई टोचल्यासारखं होतं. तेल लावायचं तर सत्र झाल्यावर लावा. सत्राआधी खळगा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मग स्पिरिट-स्वॅबने, आणि पूर्ण वाळू द्या. पावडर, क्रीम काही नको. बुगडी, भिकबाळी, कानातले सगळे काढून ठेवा, कारण धातूच्या टोकाशी वीज एकवटते. श्रवणयंत्रही काढा.

इलेक्ट्रोड कोरडा लावू नका. कंडक्टिव्ह रबराचा असेल तर मोहरीच्या दाण्याएवढं जेल पुरे. ईसीजी किंवा टेन्सचं जेल चालतं, सोनोग्राफीचं नको, ते विजेसाठी बनवलेलं नसतं. स्पंजचं टोक असेल तर मिठाच्या पाण्याने ओलं करून पिळून घ्या.

एक सत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

१. खुर्चीत टेकून बसा, पाय जमिनीवर. मिनिटभर नाडी मोजा आणि लिहा. ५५ च्या खाली असेल आणि तुम्ही रोज पळणारे खेळाडू नसाल तर आज राहू द्या, डॉक्टरांना विचारा.

२. यंत्र बंद आणि मात्रा शून्य असताना इलेक्ट्रोड बसवा. क्लिप इतकीच घट्ट की मान हलवल्यावर सरकू नये. दुखत असेल तर जास्त झाली.

३. यंत्र चालू करा आणि सगळ्यात लहान टप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्प्यावर ५ सेकंद थांबा. पहिली झिणझिण जाणवली तो आकडा लिहा. पुढे वाढवत जा. टोचू किंवा बोचू लागलं की तो दुसरा आकडा लिहा आणि लगेच खाली या.

४. दोन्हींच्या मधे, दुसऱ्या आकड्याच्या जरा खाली मात्रा ठेवा. पहिला ०.८ आणि दुसरा २.० आला तर १.६ च्या आसपास. जाणवलं पाहिजे, पण दुखता कामा नये. जास्त मात्रेने जास्त झोप येत नाही, कान मात्र लाल होतो.

५. ३० मिनिटांचा टायमर लावा. सात-आठ मिनिटांनी झिणझिण विरते. तेव्हा एकदाच एक टप्पा वाढवा, पुन्हा पुन्हा नाही.

६. संपल्यावर आधी मात्रा शून्यावर, मग यंत्र बंद, मग क्लिप काढायची. जेल ओल्या फडक्याने पुसा. पुन्हा नाडी बघा आणि दोन मिनिटं बसूनच राहा.

वरच्या चाचणीप्रमाणे रोजच्या दोन सत्रांपैकी एक झोपायच्या तासभर आधी ठेवा आणि दुसरं सकाळी किंवा दुपारी. गाडी चालवताना किंवा गॅससमोर नको. काही यंत्रं मोबाइलच्या अ‍ॅपवरूनच चालतात. झोपेच्या उपचारासाठी रात्री दहाला मोबाइल हातात देणाऱ्या कंपनीने नेमका काय विचार केला असेल, कोण जाणे. मात्रा लावून फोन लांब ठेवायचा, एवढंच आपल्या हातात. अंथरुणात क्लिप लावून झोपी जाण्याचा मोहही टाळा. कूस बदलली की क्लिप अर्धवट सुटते आणि सत्र किती झालं तेही कळत नाही.

काय बिघडतं आणि का

मात्रा नेहमीच्या दुप्पट झाली तरी काही जाणवत नाही. अशा वेळी वाढवत राहू नका, शून्यावर या. बहुतेक वेळा जेल वाळलेलं असतं, तेलकटपणा राहिलेला असतो किंवा वायर मुळाशी तुटलेली असते. चौथं कारण लवकर लक्षात येत नाही: जेल जास्त झाल्याने दोन्ही टोकांमधे त्याचा पूल तयार होतो. वीज कातडीत शिरायचं सोडून जेलमधूनच इकडून तिकडे जाते. दोन टोकांच्या मधली जागा कोरडी पुसली की झिणझिण परत येते. म्हणूनच पुसण्याआधी मात्रा शून्य असणं महत्त्वाचं.

मधेच एकदम झटका बसला तर संपर्क तुटून पुन्हा जुळला असं समजा. संपर्क खराब झाला की ही यंत्रं ठरलेला प्रवाह टिकवण्यासाठी व्होल्टेज वाढवतात आणि तेवढ्यात क्लिप परत टेकली की चटका बसतो. चालू यंत्राची क्लिप हाताने नीट करायची नाही, हा नियम यातूनच आला.

दातांत किंवा जबड्यात मुंग्या आल्या तर क्लिप पुढे सरकली आहे आणि चेहऱ्याच्या नर्व्हला वीज मिळतेय. मागे घ्या. घशात खवखव किंवा खोकला आला तर जागा योग्य आहे, फक्त मात्रा कमी करा. सत्रानंतर कान अर्धा-एक तास लालसर राहणं नेहमीचं आहे. दुसऱ्या दिवशीही लाली, खाज किंवा बारीक पुरळ असेल तर दोन दिवस विश्रांती द्या आणि जेल बदलून बघा. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड किंवा नाडी ५० च्या खाली गेली तर यंत्र बंद करून आडवे व्हा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका.

काल १.६ ला बरं वाटत होतं, आज १.२ लाच बोचतंय, असं घडतं तेव्हा यंत्र बिघडलेलं नसतं. घाम, हवेतला दमटपणा, जेलचं प्रमाण यांनी कातडीचा विरोध रोज बदलतो. पावसाळ्यातला आकडा उन्हाळ्यात चालत नाही. म्हणून तिसरी पायरी प्रत्येक सत्रात नव्याने करायची, पाठ केलेल्या आकड्यावर थेट जायचं नाही.

फरक पडतोय का, हे कसं ठरवायचं

सुरू करण्याआधी २ आठवडे झोपेची वही ठेवा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं अंदाजपंचे. सकाळी उठल्यावर लिहायचं: अंथरुणात कधी गेलो, झोप लागायला किती वेळ, मधे किती जाग, कधी उठलो. रात्री ११ ते सकाळी ६.३० म्हणजे ४५० मिनिटं अंथरुणात. झोप लागायला ७० मिनिटं आणि मधली जाग ६५ मिनिटं गेली तर प्रत्यक्ष झोप ३१५ मिनिटं, म्हणजे ७० टक्के. ८५ टक्क्यांच्या पुढे झोप चांगली समजतात. घड्याळाकडे रात्री बघू नका, सकाळचा अंदाज पुरतो.

जोडीला इन्सोम्निया सिव्हेरिटी इंडेक्स भरा. ७ प्रश्न, एकूण २८ गुण. १५ ते २१ मध्यम, २२ पासून पुढे तीव्र. तोच तक्ता ४ आणि ८ आठवड्यांनी भरायचा. ६ किंवा जास्त गुण उतरले तर फरक खरा धरावा. एक-दोन गुणांची घट ही चांगल्या आठवड्याचीही असू शकते. ८ आठवडे नियमित करूनही आकडा जागचा हलला नाही तर बंद करा. मात्रा वाढवून, सत्रं तिप्पट करून किंवा दुसरा कानही लावून उपयोग होत नाही.

फरक पडला असेल तर आठव्या आठवड्यानंतर सकाळचं सत्र आधी सोडा, रात्रीचं चालू ठेवा, मग एक दिवसाआड करा. वही या काळातही चालू हवी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या चालू असतील तर झोप सुधारली म्हणून त्या एकदम थांबवू नका. अचानक थांबवल्यावर झोप आधीपेक्षा वाईट उडते, काहींना फिट्सही येतात. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांच्याकडूनच टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या, आणि डोस कमी होत असलेल्या आठवड्यांत यंत्राची वेळ, मात्रा, सत्रांची संख्या काहीही बदलू नका. नाहीतर एखादी रात्र वाईट गेली तर ती गोळी कमी केल्याने की सत्र बदलल्याने, हे वहीवरूनही सांगता येणार नाही.